कोंबडा देणे आहे

आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं चिल्लर पैशांत मिळतात. बहुतेक नरच, अंड्यांच्या धंद्यात नराचा उपयोग शून्य, म्हणून हॅचरीवाले त्यांना स्वस्तात काढतात. पोराच्या हट्टापायी आणलेला असला गुलाबी गोळा चार-पाच महिन्यांत पांढराशुभ्र होतो, तुरा फुगवतो आणि भल्या पहाटे अख्खी सोसायटी उठवतो. मग ‘चांगल्या घरी देणे आहे’ सुरू होतं. आषाढात अशी घरं भराभर सापडतात. गटारीच्या आदल्या दिवशी तर प्राणिप्रेमाला नुसता ऊत! ‘वजन किती भरेल?’ एवढीच काय ती आपुलकीची चौकशी. श्रावण लागला की त्याच मंडळींकडे जागा नसते. गावाकडच्या मामांनी मात्र तत्काळ होकार दिला. ‘पोराला सांग, मजेत राहील हो इथं.’ मागून मामीचा आवाज : ‘अहो, खोबरं भाजायला घेऊ का?’