तांबडा सिलिंडर

रत्नागिरीकर पारखल्याशिवाय वस्तू घेत नाही. हापूसचा देठाशी वास घेतो, फणसावर टकटक करून आवाज ऐकतो, नारळ कानाशी हलवून बघतो आणि सुरमईचे कल्ले वर केल्याशिवाय भावाचं बोलणंच सुरू करत नाही. अशा गिऱ्हाइकाच्या हातात गाडीत ठेवायचा अग्निशामक सिलिंडर दिला की त्याची पंचाईत होते. वास नाही, आवाज नाही आणि "जरा चालवून दाखवा हो" म्हणायचीही सोय नाही. एकदा खटका दाबला की पावडरचे कण झडपेत अडकतात, उरलेला दाब हळूहळू निघून जातो आणि सिलिंडर पुन्हा भरून आणावा लागतो.

त्यातून आगीची धास्ती आमच्या अंगवळणी पडलेली नाही. वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस झेलणारा माणूस घाबरतो ते पाण्याला आणि दरडीला. गाडीच्या बाबतीत फार तर गंजाला. "अहो, जुलैत इथे चूल पेटताना मारामार, गाडी कुठची पेटायला!" असं शेजारच्या नानांचं म्हणणं. पण गाडी काही पंचांग बघून पेटत नाही. अंगणात उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. कुणी हौसेने जादा दिवे आणि मोठा हॉर्न लावून घेतो, आणि वायरला जोड मारताना मध्ये फ्यूज घालायचं राहून जातं. कधी पेट्रोलची रबरी नळी चिरते. शिवाय एप्रिल-मेमध्ये आमच्या डिकीत मुंबईच्या नातेवाइकांसाठी आंब्याच्या पेट्या असतात आणि पेट्यांत भाताचा खडखडीत सुका पेंढा. आगीची इतकी बडदास्त दुसरं कोण ठेवणार?

पोलंड आणि बेल्जियममध्ये मोटारीत असा सिलिंडर ठेवणं सक्तीचं आहे. आपल्याकडे खासगी गाडीला सक्ती नाही. सक्ती नसताना पैसे घालून वस्तू आणणाऱ्या माणसाकडे कोकणात जरा काळजीनेच बघतात.

या वस्तूचा इतिहास मात्र आम्हा दर्याकाठच्यांना जवळचा वाटावा असा आहे. बुडत्या जहाजापर्यंत तोफेने दोर फेकून माणसं वाचवण्याची युक्ती काढणाऱ्या जॉर्ज मॅन्बी या इंग्रजाने 1818च्या सुमारास हातात धरता येईल असं अग्निशामक बनवलं. तांब्याचं भांडं, त्यात पोटॅशचं पाणी आणि वर दाबलेली हवा. पुढे मोटारी आल्या तशा त्यांच्यासाठी पितळी पिचकाऱ्या निघाल्या. त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड असे. ते आग विझवी, पण तापलं की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघे, म्हणजे विझवणाऱ्याचीच वाट लागायची. नंतरचा हॅलॉन फारच गुणी निघाला, पण तो ओझोनच्या मुळावर उठला आणि 1987च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याची गच्छंती सुरू झाली.

आज बहुतेक दुकानदार हातात ठेवतो तो एबीसी पावडरचा सिलिंडर. ए म्हणजे पेंढा, कापड, सीटचा फोम. बी म्हणजे पेट्रोल आणि तेल. सी म्हणजे गॅस. गाडीत तिन्ही नांदत असल्याने निवड फारशी अवघड नाही. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पसारा करत नाही, पण उघड्यावर तो वायू वाऱ्याबरोबर निघून जातो आणि बंद गाडीत श्वास कोंडतो. पावडरमधलं मुख्य द्रव्य मोनोअमोनियम फॉस्फेट, म्हणजे बागायतदारांच्या ओळखीचं 12:61:00 खतच. हे कळल्यावर नाना पहिल्यांदा सरसावून बसले. "मग मुदत संपली की कलमांना घालता येईल!" नाही येणार. पावडर मोकळी राहावी म्हणून तिच्यात सिलिकॉन मिसळलेलं असतं. नाना पुन्हा मागे टेकले.

अर्ध्या किलोचा सिलिंडर फारच थोडा वेळ पुरतो. निदान एक किलोचा घ्यावा. आयएसआयची खूण बघावी, भरल्याची तारीख वाचावी आणि दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते पाहावं. एवढीच काय ती पारख.

खरा वाद सुरू होतो तो जागेवरून. डिकीत पेट्या, आणि मागून ट्रकने धडक दिली तर ती उघडेलच याची खात्री नाही. डॅशबोर्डवर ऊन, शिवाय तिथे गणपतीपुळ्याचा गणपती आधीपासून बसलेला. ड्रायव्हरच्या पायाशी सुटा ठेवला आणि आंबा घाटाच्या उतारावर घरंगळून ब्रेकखाली गेला, तर आग लागेपर्यंत थांबायची गरजच उरत नाही. राहता राहिली पुढच्या सीटसमोरची जमीन. तिथे लोखंडी ब्रॅकेटमध्ये, पट्टा आवळून, आडवा. गॅरेजवाला लगेच ड्रिल उचलतो. त्याला थोपवायचं. जमिनीखालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी गेलेली असू शकते, आणि खाऱ्या हवेत पत्र्याला नवं भोक म्हणजे गंजाला आवतण. ब्रॅकेट सीटच्याच पुढच्या बोल्टांवर बसवून घ्यावी. सीट मागेपुढे सरकते ना, ते बघावं आणि खालच्या पिवळ्या वायरींना हात लावू देऊ नये, त्या एअरबॅगच्या असतात. आमच्या आईने आधी "माझ्या पायात हे काय?" म्हणून कुरकुर केली. आता गाडीत बसल्याबरोबर वाकून काटा तीच बघते आणि चष्मा नसला तर गाडी सुरू करू देत नाही.

मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. तिथल्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. म्हणून अधूनमधून सिलिंडर काढून उलटा करून हलवावा.

आणि वेळ आलीच तर? इंजिन बंद, माणसं बाहेर, मग सिलिंडर. पाठ वाऱ्याकडे हवी. दुपारी वारा दर्यावरून येतो आणि पहाटे मतलई जमिनीवरून, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. बॉनेट सताड उघडायचं नाही, आत हवा शिरली की आग भडकते. फटीतून पिन काढलेल्या सिलिंडरचा फवारा ज्वाळेच्या बुडावर मारायचा. एक किलो पावडर दहाएक सेकंदांत संपते. तेवढ्यात विझली नाही तर गाडी सोडून लांब जायचं आणि 101 फिरवायचा. हातखंब्याच्या वळणावर गॅसचा टँकर कलंडलेला असेल तर सिलिंडरला हातही न लावता पळायचं. या सगळ्यात रत्नागिरीकराला अवघड जाणार ती एकच गोष्ट, आंब्याच्या पेट्या मागे टाकून पळणं. सिलिंडर गाडीसाठी नाही आणि पेट्यांसाठी तर नाहीच. मागच्या सीटवरच्या पोराचा पट्टा सोडवायला मिळावीत म्हणून ती दहा सेकंदं विकत घ्यायची.

"आणि कधी लागलाच नाही, तर पैसे फुकट ना?" नाना.

नाना, आपण नवस बोलतो तो काम झाल्यावर फेडतो. हा आगाऊ फेडायचा आणि काम कधी पडू नये एवढंच मागायचं.

"असला उलटा नवस देवाला चालतो होय?"

न चालून कसं चालेल? तोही त्याच गाडीत डॅशबोर्डवर बसलाय.