आसनगावच्या पलीकडची

डोळखांबात परदेशी ठरायला समुद्र ओलांडावा लागत नाही. आसनगाव स्टेशनच्या पलीकडून आलेली कुठलीही बाई इथे परदेशीच. लग्न होऊन मी दादरहून आले, तेव्हा माझं नाव राहिलं बाजूला, आधी 'कुनाची तू?' हा प्रश्न आला. सासऱ्यांचं नाव सांगितलं आणि माझी सगळी कागदपत्रं तिथेच तपासून झाली. पुढची परीक्षा तांदळाच्या भाकरीची. तीत मला अजून दयेने पास करतात.

गंमत अशी, की दादरच्या नळाला मी जन्मापासून याच तालुक्याचं पाणी पीत होते. तानसा आणि भातसा, दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. तिथे नळ सोडला की धो धो. इथे त्या पाण्याच्या मूळगावी आल्यावर कळलं, की एप्रिल-मे उजाडला की वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट बघायची असते. म्हणजे मी आले ती पाण्याच्या माहेरी, पण माहेरीच त्याची टंचाई.

म्हणून असेल, पण मीराबेनबद्दल वाचताना माझं लक्ष सत्याग्रहाकडे कमी आणि चुलीकडे जास्त जातं. इंग्लंडच्या आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी, मूळ नाव मॅडेलिन स्लेड, जन्म १८९२. घोड्यांची आवड, बीथोवनचं वेड. त्या वेडापायी बीथोवनवर लिहिणाऱ्या फ्रेंच लेखक रोमां रोलांना भेटायला गेल्या आणि त्यांच्याकडून गांधींचं नाव ऐकून आल्या. मग बाईंनी लगेच बोट पकडली नाही. वर्षभर घरीच तालीम केली: मांस-मद्य सोडलं, जमिनीवर झोपायला आणि मांडी घालून बसायला शिकल्या, सूत कातायला लागल्या. सासरी निघालेल्या मुलीची एवढी तयारी आमच्याकडे कोणी करून घेत नाही. आमच्यात थेट पाटावर बसवतात आणि गुडघ्यांचं काय ते पुढे बघून घेऊ म्हणतात. ७ नोव्हेंबर १९२५ ला त्या साबरमतीला पोचल्या. गांधींनी त्यांना मीरा केलं. नाव बदलण्याची चाल तर आमचीच, फक्त आमच्याकडे ते तांदळात लिहितात.

पुढे गांधींचा मुक्काम वर्ध्याला हलला, तेव्हा मीराबेन आधी जवळच्या सिंदी गावात सफाईचं काम करत होत्या. लोक रस्त्यावरच शौचाला बसायचे, आश्रमातली माणसं ती घाण उचलायची. गावाची प्रतिक्रिया काय असणार? फुकटात साफ होतंय म्हटल्यावर लोक कशाला उठतील! मग त्यांनी आठेक किलोमीटरवरचं शेगाव निवडलं. आडगाव, चिखलाचं, बहुसंख्य वस्ती दलितांची. आता शांतपणे खेड्यात राहायचं आणि खेड्याचं होऊन जायचं, हा त्यांचा बेत असावा असं मला वाटतं.

बेत फार टिकला नाही. ३० एप्रिल १९३६ ला खुद्द गांधीच तिथे चालत आले, आणि त्यांच्यामागोमाग निम्मा देश. कार्यकर्ते, पाहुणे, आजारी माणसं, डाकेचे ढीग. ती डाकही आधी बुलढाण्याच्या शेगावला फिरून यायची, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम ठेवावं लागलं. मीराबेननी स्थानिक माती-बांबूत स्वतःसाठी झोपडी बांधून घेतली होती, भिंतींवर ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढला होता. पुढे गांधी त्याच झोपडीत राहायला गेले. आज लोक तिला बापूकुटी म्हणून बघायला जातात. वेगळं बिऱ्हाड करावं आणि अख्खं सासर सामानासकट मागून यावं, हे दुःख कळायला गांधीवाद वाचावा लागत नाही.

एक गोष्ट मला खटकते. त्या शिकल्या ती हिंदी, आणि गाव बोलायचं वऱ्हाडी. विहिरीवरच्या बायकांशी 'आपकी तबीयत कैसी है' अशी सुरुवात केली की बाई संकोचाने पदर सावरते, घरातलं काही सांगत नाही. याउलट फलटणच्या मॅक्सीन बर्नसन. मिशिगनमध्ये जन्मलेल्या, इथे येऊन मराठीच पक्की केली, मराठीचं व्याकरण शिकवणारी पुस्तकं लिहिली, शाळा काढली. शाळेला नाव दिलं कमला निंबकरांचं, आणि त्या कमलाबाईसुद्धा जन्माने अमेरिकनच, मुळातल्या एलिझाबेथ. अशा शाळेत मास्तरांनी 'परदेशी' या विषयावर निबंध घालू नये.

मीराबेन १९५९ मध्ये युरोपात परतल्या आणि व्हिएन्नाजवळच्या खेड्यात राहिल्या. पुन्हा खेडंच, पुन्हा बाहेरची बाई. १९८२ मध्ये तिथेच वारल्या.

परवा ओट्यावर वाल सोलताना मी हे सगळं शेजारच्या काकूंना सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"पोरं किती?"

"लग्नच नाही केलं, काकू."

"मंग आली कुनाच्या जिवावर?"

"बापूंच्या."

"आन् त्यांनीच तिचं घर घेतलं?"

"घेतलं म्हणजे... राहायला गेले."

"मंग सासराच की गं त्यो." काकूंनी हातातली टरफलं सुपाबाहेर टाकली. "रस्ता झाडायची म्हनलीस ना?"

"हो. घाणसुद्धा उचलायची."

"मंग चालंल ती," काकू म्हणाल्या आणि माझ्या वाट्याचे वाल बघून म्हणाल्या, "तुझं अजून अर्धं बी झालं नाय."