गोल्फ कार्टची बॉडी घरच्या घरी चमकवा

गोल्फ खेळणाऱ्यांना कार्ट रंगवावी लागत नाही, ते काम क्लबाची माणसं करतात. हे मार्गदर्शन रिसॉर्टने मोडीत काढलेली कार्ट हौसेने घेऊन फार्महाऊसवर आंब्याखाली उभी करणाऱ्यांसाठी आहे.

आधी बॉडी फायबरचीच आहे ना, ते बघा. खाली वाकून आतल्या बाजूला शेवया चिकटल्यासारखे धागे दिसले, तर फायबर. हल्लीच्या बऱ्याच कार्ट प्लॅस्टिकच्या असतात. तसं असेल तर इथेच थांबा आणि चहा घ्या.

बॅटरीच्या वायरी काढा. मग बॉडी धुवा आणि घासायच्या आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. ही पायरी सगळेच गाळतात. घासल्याने वॅक्स जात नाही, ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग मारला की जागोजागी बारीक खळगे पडतात.

तडा गेला असेल तर तो बुजवायच्या आधी मोठा करायचा. कडा उतरत्या घासा, आतून फायबर मॅट लावा, रेझिन भरा. हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के. ‘जरा जास्त घाल, पटकन सुकेल’ असं सांगणारे मेहुणे प्रत्येक घरात असतात. रेझिनची वाटी त्यांच्याच हातात द्या. ती तापून धूर सोडू लागली की सल्ला आपोआप थांबतो. रेझिन लवकर घट्ट करणारं कोबाल्ट वेगळं आणलं असेल, तर ते आणि हार्डनर थेट एकत्र करू नका. स्फोट होतो, यात गंमत नाही.

आता घासा. दुरुस्तीच्या जागी 80 नंबरचा पेपर, मग 180, 320, शेवटी 400 पाण्यासोबत. काचेचे कण पूर्ण बाह्यांच्या शर्टातूनही वाट काढतात. खाजवू नका, ते आणखी रुततात. आधी गार पाण्याने अंग धुवा.

दोन डब्यांचा पीयू रंग स्प्रेने मारणार असाल, तर तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. स्प्रेचं काम बूथ असलेल्या गॅरेजवाल्याकडे सोपवा, तेही पावसाळा टाळून. तो बॉडीवरून तळवा फिरवेल, एका जागी थांबेल आणि विचारेल, “ही लांबी कुणी भरली?”

मेहुण्यांचं नाव सांगा.