समोरचा वाडा

आमच्या समोरच्या जुन्या वाड्यात एक गृहस्थ एकटेच राहतात. दार उघडत नाहीत, सत्यनारायणाला येत नाहीत आणि कहर म्हणजे बिल्डरलाही भेटत नाहीत. विमानतळ आल्यापासून पनवेलमध्ये हे शेवटचं लक्षण फारच गंभीर मानलं जातं. गल्लीने निदान करून टाकलं: विक्षिप्त!

२०२०च्या टाळेबंदीत सलमान खान इथल्याच फार्महाउसवर मुक्काम ठोकून होता. भातलावणीचे चिखलातले फोटोही टाकले. तेव्हा हीच गल्ली म्हणाली, ‘काय साधेपणा!’ समोरच्यांनी मात्र परवा अंगणातली कुंडी हलवली, तर सगळ्या गॅलऱ्यांत कुजबुज. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर दुर्बीणच मागवली आहे. पक्षी बघायला, म्हणे. कर्नाळा जवळच आहे ना!