दुसरा खड्डा कशाला?

“काय गं, सकाळपासून ठाकठूक ऐकतेय. संडासाचं काम काढलंस?”

“काढलंय, माई. पण गवंडी रुसून बसलाय. त्याला एकच खड्डा हवा, पंधरा फूट खोल, तळाला कोबा. म्हणतो, नातवंडांपर्यंत बघायला नको.”

“बरोबरच आहे की. तुझ्या खालच्या आळीतल्या जाऊबाईनं तसाच केलाय.”

“आणि पाणी मुरायला जागाच नाही! तुंबला, तेव्हा मागून पाइप काढून गटारात सोडला. संध्याकाळी त्यांच्या परसात उभं राहवत नाही. जाऊ दे, घरातलीच आहे, मी कशाला बोलू!”

“मग तुझं काय?”

“दोन शोषखड्डे, मीटर-मीटरभर खोल. विटांची जाळी आणि तळ मातीचाच. एक भरला की चेंबरमध्ये त्याचं तोंड बंद करायचं, मैला दुसऱ्यात. पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की खत होतं, वाससुद्धा येत नाही.”

“शी! ते उपसणार कोण? आता कोणी येत नाही तसल्या कामाला.”

“येऊही नये! आमचे हेच काढतील, शेणखत उचलतात तसं. माझं माहेर देहूचं, तिथं डॉक्टर मापुसकरांनी जन्मभर संडासांचंच काम केलं. २०१७ ला पद्मश्री मिळाली त्यांना, पण गेल्यावर.”

“आणि तो गॅसचा उंच पाइप?”

“लागत नाही. गॅसही मातीत मुरतो. पाइप लावला की डासांची सोय. भांडं मात्र जास्त उताराचं घेतलंय, तांब्या-दोन तांब्यांत साफ होतं. टाकीवाला कमोड बसवला तर दर खेपेला बादलीभर पाणी, खड्डा बिचारा पिणार किती?”

“अनुदानाचे १२,००० मिळतात ना?”

“मिळतात, काम झाल्यावर. फोटो काढून नेतात. त्यातून बाकी काही उरत नाही हो, रंगसुद्धा भागत नाही.”

“बरं, खड्डे येणार कुठं?”

“इथंच, कुंपणाच्या अलीकडं.”

“अलीकडं म्हणजे? पलीकडं माझी विहीर आहे!”

“माहीत आहे, माई. मोजूनच आखलंय. चांगलं पंचेचाळीस फूट अंतर आहे.”

“कुणी मोजलं?”

“यांनी. पावलांनी.”

“पावलांनी? त्या ताडमाड माणसाच्या? थांब, टेप आणते मी. आणि त्या गवंड्याला सांग, तोवर कुदळ लावायची नाही!”