एक बांबू, तीन सिमकार्डं

निवृत्त झाल्यावर लोक नर्मदा परिक्रमेला निघतात, नाहीतर गावी कलमं लावतात. आमच्या साडूंनी, म्हणजे नानांनी, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेतली, आतल्या सीटा उपटल्या, दोन बाकडी, एक शेगडी आणि एक इन्व्हर्टर बसवला आणि तिला कॅराव्हॅन म्हणायला सुरुवात केली. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून सरकार आपल्या सल्ल्याने चालतं असा नानांचा समज आहे. सरकारी धोरणातल्या कॅराव्हॅनमध्ये स्वच्छतागृह असतं. नानांच्या कॅराव्हॅनमध्ये त्या जागी राउटर आहे.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघींनी राउटर पाहिला, उरलेल्या सोयीची चौकशी केली आणि वसईलाच राहिल्या.

राउटर माझ्यासाठी होता. सोमवारी सकाळी अकराला आमच्या ऑफिसची मीटिंग असते. तीत मी वर्षानुवर्षं एकच शब्द बोलत आलो आहे : "नोटेड." काय नोट केलं ते आजवर कोणी विचारलेलं नाही. पण एखाद्या सोमवारी तो शब्द उच्चारला गेला नाही, तर मात्र कंपनीला माझी आठवण येते, आणि ती येऊ नये यासाठीच माझी सगळी धडपड असते. तेव्हा नाना राउटर, तीन कंपन्यांची तीन सिमकार्डं, माशाच्या काट्यासारखी दिसणारी एक अँटेना आणि ती बांधायला एक लांबलचक बांबू घेऊन निघाले. बांबू टपावर. त्याचं टोक पुढे इतकं आलेलं, की मनोरपर्यंत सगळे ट्रकवाले आम्हाला आदराने साइड देत होते.

आधी जव्हारला गेलो. राजवाडा पाहिला, दाभोसा धबधबा पाहिला, जानेवारी असल्यामुळे धबधब्याने फार मनावर घेतलं नव्हतं. विक्रमगड सोडून चढ लागला तशी रेंज एकेका वळणावर उतरून गेली. डोंगराची धार मध्ये आली की पलीकडचा टॉवर असून नसल्यासारखा, हे नानांनी मला प्रत्येक वळणावर नव्याने सांगितलं.

पुढे एका पाड्याबाहेर उतारावर माणसांची रांग दिसली. वर, उंचवट्यावर, रेशन दुकानदार मशीन हातात धरून उभा. खाली दुकानात रेंज नव्हती, म्हणून दुकानच वर आलं होतं. अंगठा जुळल्याशिवाय धान्य नाही, आणि जुळायला नेट लागतं. एका आजीने अंगठा लुगड्याला पुसून लावला, नाही जुळला. पुन्हा लावला. आयुष्यभर भाताची रोपं लावून झिजलेल्या अंगठ्यावर रेषा राहिल्यात तरी किती! तिच्यामागे माणसं उन्हात गप्प उभी होती आणि मी "नोटेड" म्हणायला जागा शोधत फिरत होतो. मला भयंकर राग आला. कोणावर, ते ठरेना, म्हणून तो नानांवर काढला आणि गाडी बोईसरकडे वळवायला लावली.

चिल्हार फाट्यावरून आत शिरलो आणि रेंज धो धो कोसळू लागली. फोनच्या सगळ्या काड्या भरल्या, साठलेले मेसेज टणाटण आले. तारापूर एमआयडीसीच्या कडेला, ट्रकांच्या रांगेत, ज्याच्या आद्याक्षराचाही मला पत्ता नाही अशा रसायनाच्या वासात मुक्काम ठोकला. संध्याकाळी शिफ्ट सुटली आणि काड्या भरलेल्या असूनही नेट थिजलं. "काड्या फक्त सिग्नल किती जोरात पोचतोय ते सांगतात," नाना म्हणाले, "त्याच टॉवरला आणखी किती जण लोंबकळतायत ते नाही सांगत." त्यांनी मग मला सातशे मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर कशा जातात आणि साडेतीन हजारवाल्या भिंतीला कशा बिचकतात ते रात्री उशिरापर्यंत समजावलं. मी नोटेड म्हणून झोपलो.

सोमवारी सकाळी नाना अडून बसले. समुद्र दिसत नसेल तर कॅराव्हॅन कसली? म्हणून तारापूर ओलांडून चिंचणी, आणि चिंचणीच्या पुढे वरोरच्या बाजूला किनाऱ्यालगत गाडी उभी केली. तारापूर म्हणजे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९पासून वीज करतंय. त्याच्या इतक्या जवळ येऊन आमच्या इन्व्हर्टरने मान टाकली. लॅपटॉपमध्ये अर्ध्या तासाची धुगधुगी, अकराला दहा मिनिटं कमी, आणि रेंजची एक काडी, तीही लुकलुकणारी.

नानांनी बांबू उभा केला. तो पूर्वी एकदा डोक्यात पडलेला असल्यामुळे कंपनीतलं जुनं पिवळं हेल्मेट चढवलं. हातात होकायंत्र, खिशात वही. ते टपावर बांबू फिरवू लागले आणि मी आतून ओरडू लागलो, दूरदर्शनच्या काळात गच्चीवरच्या बाबांना खालून ओरडायचो तसा : "आली, आली... गेली! डहाणूकडे! अहो थोडं डहाणूकडे!"

एक मुलगा सायकलवरून आला, आमच्याकडे पाहून तसाच मागे वळला. थोड्या वेळात डोक्यावर पाट्या घेतलेल्या तीन बायका आल्या, मग जाळं विणता विणता उठून आलेले काका, मग बरेच जण.

"सर्व्हे कसला चाललाय?" काकांनी विचारलं.

"सर्व्हे नाही हो," नाना टपावरून म्हणाले, "उंची बघतोय. समुद्राच्या अंगाला आडवं काही नाही, त्यामुळे इथे उभारायला सोपं जाईल."

"काय उभारायला?"

नानांचा आयुष्यभर एकच दोष, विचारलं की ते सविस्तर सांगतात. त्यांनी वही काढून कोन वाचून दाखवायला सुरुवात केली.

आता, हा किनारा कोणता ते सांगायला हवं. इथून जवळच वाढवण. तिथे बंदर करायचा घाट पहिल्यांदा घातला गेला नव्वदच्या दशकात. १९९१मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेला, १९९६मध्ये त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण नेमलेलं, आणि १९९८मध्ये त्या प्राधिकरणाने बंदराला नकार दिलेला. ते बंदर पुन्हा उठलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये पालघरला त्याचं भूमिपूजनही झालं : ७६ हजार कोटींचा खर्च, समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव. जिथे भराव तिथेच यांची मासेमारी. पिवळ्या टोपीचा माणूस काहीतरी मोजताना दिसला की इथे लोक गोळा होतात, आणि हे ते माझ्याकडे मोबाईलही नव्हता तेव्हापासून करत आलेत.

"एकच जिद्द!" मागून कोणीतरी आवाज दिला.

"वाढवण बंदर रद्द!" सगळे.

नेमक्या त्याच क्षणी रेंज आली. माझा माइक चालू होता. पडद्यावर ऑफिसची झाडून सगळी माणसं, त्यांच्या चेहऱ्यांवर प्रथमच माझ्याविषयी कुतूहल. साहेब म्हणाले, "हे काय चाललंय तिकडे?" मी तोंड उघडायच्या आत काकांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"तुम्ही यांचे साहेब का? यांना इथे कोणी धाडलं? आमची बोट कुठे लावायची, भरावावर?"

साहेब काकांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "नोटेड." आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहून चित्र गोठलं. लॅपटॉप विझला.

काकांनी माझा घामेजलेला चेहरा नीट न्याहाळला. "हे बंदरवाले नाहीत," त्यांनी बाहेर जाहीर केलं. "ते एवढे घाबरत नाहीत." मला अपमान वाटायला हवा होता, मी चहा घेतला. ज्या घरी घेतला तिथे दागिन्यांच्या डाय बनवायचा कारखाना होता, या पट्ट्यात तो घरोघरचा धंदा आहे. भिंतीवर वायफायचा डबा मजेत लुकलुकत होता. नाना त्याच्याकडे पाठ करून बसले.

पाटीवाल्या मावशी मात्र रेंजचं ऐकून हसल्या नाहीत. त्यांचे दोन मुलगे बोटीवर. बोट आत गेली की फोन बंद लागतो, दिवस दिवस लागतच नाही. "परत येताना रेंजमध्ये आली की आधी मला मिस्ड कॉल देतात," त्या म्हणाल्या. "उचलायचा नाही. पैसे नव्हते तेव्हापासूनची सवय. आता फुकट आहे, तरी मी उचलत नाही."

नाना काही बोलले नाहीत. विचारलं नव्हतं म्हणून नव्हे.

निघताना त्यांनी मावशींकडून सुके बोंबील घेतले, दोघी बहिणींना पुरतील आणि वर आमच्याबद्दलचा राग निवेल इतके. मावशींनी क्यूआर कोड पुढे केला. नानांच्या फोनवर गोल फिरू लागला. पहिलं सिम, दुसरं सिम, तिसरं सिम. रोख रक्कम बाळगणं नानांच्या तत्त्वात बसत नाही आणि माझ्या खिशात वडापावापुरते पैसे होते.

मावशींनी टपाकडे पाहिलं. त्यांच्या बोंबील सुकवायच्या वलांडीचा एक खांब पावसाळ्यात मोडला होता.

बांबू चांगला होता हो. काकांनी अँटेना सोडवली, बांबू खाली घेतला, मावशींनी त्यावर दोनदा थाप मारून पाहिली आणि आणखी मूठभर बोंबील पिशवीत घातले. अँटेना काकांनी उलटसुलट करून पाहिली आणि नानांच्या हातात परत दिली.

"ही घेऊन जा," ते म्हणाले. "हिच्यावर काही सुकायचं नाही."