मुलाचे नाव ‘मिनहो’ ठेवण्याची शास्त्रोक्त रीत
(लोणी काळभोर व पंचक्रोशीसाठी)

प्रयोजन : लोणीत सोलापूर रस्त्यावर उभे राहून ‘ओ काळभोर!’ अशी हाक मारावी. निम्मी गर्दी वळून बघते. दक्षिण कोरियातही हेच दुखणे. तिथे पाचातला एक माणूस किम. आडनावाने ओळख पटत नसल्याने सगळा भार नावावर. तेव्हा नाव त्या अनुभवी देशातूनच आणावे.

१. निवड : कॉलेजात जाणाऱ्या आत्याला विचारावे. ती ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ या २००९ च्या मालिकेतल्या ली मिन-होचे नाव सुचवील.

२. अर्थ : कोरियन नावाचा अर्थ ते कोणत्या चिनी चिन्हांनी लिहिले, यावर ठरतो. ‘मिन’ म्हणजे चपळ किंवा जनता. ‘हो’ म्हणजे वाघ, विशाल किंवा सरोवर. आजोबांना वाघ सांगावा, आजीला सरोवर. राजकारणातल्या काकांना जनता पुरे.

३. पत्रिका : मघाच्या दुसऱ्या चरणाला ‘मी’ अक्षर येते. गुरुजींना तेवढेच सांगावे.

४. भावकी : कोरियन कुळांत एका पिढीच्या चुलतभावांच्या नावांत एक अक्षर सामाईक ठेवण्याची जुनी रीत आहे. म्हणून चुलत्यांना आधीच गाठून ‘हो’ मान्य करून घ्यावे. बांधावरून वाद झाला तरी निदान नावात होकार राहील.

५. बारसे : आत्याने कानात कुर्रर्र करून नाव स्पष्ट उच्चारावे. ‘मिन... हो?’ असे अडखळल्यास पाठीवर नेहमीपेक्षा जास्त धपाटे बसतात.

६. नोंद : धीर होत नसेल तर नावाविना जन्मनोंद करावी. वर्षभर विनाशुल्क नाव भरता येते. कोरियात आडनाव आधी लिहितात. आपण बापाचे नाव मध्ये घालून ‘मिनहो बाळासाहेब काळभोर’ असेच लिहावे.

७. वापर : महिन्याभरात ‘मिन्या’ होतो. यावर उपाय नाही. ‘मिन्या, मोटर चालू कर!’ या हाकेत वाघ आणि सरोवर दोन्ही वाहून जातात, पण नेमका एकच पोरगा उठतो. प्रयोजन सफल.

८. लग्न : यमकाची काळजी नको. भावी सूनबाईंसाठी उखाणा तयार आहे :
लोणीच्या मुक्कामी तुकोबांची पालखी सुखात राहो,
भरल्या मांडवात नाव घेते, धनी माझे मिनहो!